एलएमएस निवडायची ती प्रेसपाशी उभं राहून

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पाच-सहाशे माणसांच्या वरचा कारखाना घ्या. प्रशिक्षणाचं रजिस्टर बंद करून लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे प्रशिक्षण देणारं आणि त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, रोजच्या बोलण्यातली एलएमएस, घ्यायची चर्चा तिथे एकदा तरी झालेली असते. ती चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एचआरकडे तीन-चार विक्रेत्यांच्या सुविधांचा तक्ता असतो आणि ज्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा जास्त, तो पुढे सरकतो. आयटीचा वाद मूडल ही फुकट मिळणारी एलएमएस स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची की क्लाउडवरची तयार सेवा घ्यायची, एवढ्यावर अडतो. अकाउंट्सला माणशी दर हवा असतो. शॉपवरचे जुने सुपरवायझर विचारतात की काम मशीनवर शिकवायचं असतं, तर हे मोबाइलचं लचांड कशाला? चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्याला शिकायचंय तो माणूस चौघांच्याही बोलण्यात कुठे नाही. माझं म्हणणं असं की एलएमएसची निवड कंत्राटी कामगार आणि त्याच्या लाइनचा सुपरवायझर यांनी खऱ्या कामावर ती दोन आठवडे वापरून पाहिल्यावरच व्हावी, आणि ‘किती टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला’ हा आकडा निवडीच्या निकषांतून काढून टाकावा.

आधी त्या आकड्याचंच बघू. बाजारातले बहुतेक तयार कोर्स स्कॉर्म नावाच्या साच्यात येतात. हा साचा अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आला. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची, आणि आजही सर्रास चालते ती हीच. या आवृत्तीत शिकणाऱ्याची स्थिती नोंदवायला एकच रकाना आहे. ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ दोन्ही त्याच एका रकान्यात. कोर्स बनवणाऱ्याने शेवटची स्लाइड उघडली की ‘पूर्ण’ असं लावून ठेवलं, तर अहवालात दिसतं ते तेवढंच. २००४ च्या आवृत्तीत हे दोन रकाने वेगळे झाले, पण ती आवृत्ती मूडलमध्ये पूर्णपणे चालत नाही. शिवाय १.२ मध्ये ‘कुठपर्यंत आलो’ ही खूण साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा आहे. भरपूर प्रश्न असलेला लांब कोर्स ती जागा ओलांडतो आणि काल चाळीस मिनिटं बसलेला ऑपरेटर आज पुन्हा पहिल्या स्लाइडवर येतो. कोर्सची खिडकी नीट बंद न करता फोन खिशात टाकला तर कित्येकदा गुण सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत. मग महिनाअखेरीला यादीतली लाल नावं हिरवी करायला ऑफिसमधला कोणीतरी सगळ्यांच्या लॉगिनने बसतो. या मार्गाने आलेल्या शंभर टक्क्यांवर मशीनजवळच्या माणसाचा जीव सोपवायचा का, हा खरा प्रश्न आहे.

एकच काम बारकाईने घेऊ. मेकॅनिकल पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राच्या, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) हात घालून दुरुस्ती करायची आहे आणि त्याआधी लॉकआउट-टॅगआउट करायचंय. मेन आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्यायचं. क्लच-ब्रेकच्या लाइनमधली हवा सोडायची आणि गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) आणि वरची डाय स्वतःच्या वजनाने खाली येऊ नये म्हणून मध्ये सेफ्टी ब्लॉक लावायचा. शेवटी स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच चालू होत नाही याची खात्री करायची. घाईत गळतात ती शेवटची दोन पावलं, कारण कुलूप लागलं की काम झाल्यासारखं वाटतं. ‘सेफ्टी ब्लॉक लावणं आवश्यक आहे का?’ या प्रश्नाला तोच माणूस स्क्रीनवर ‘होय’ म्हणतो आणि दहापैकी दहा गुण घेतो. ब्लॉक कुठे ठेवलेला असतो, तो त्या डायच्या उंचीला बसतो का, हे त्याला ठाऊक आहे की नाही ते स्क्रीनला कधीच कळत नाही.

म्हणून एलएमएसच्या तक्त्यात पहिली ओळ हवी ती प्रत्यक्ष काम तपासण्याची. सुपरवायझर प्रेसजवळ उभा आहे, त्याच्या फोनवर या सहा पावलांची यादी आहे, प्रत्येकासमोर ‘स्वतः केलं’, ‘सांगावं लागलं’, ‘राहिलं’ असे तीन पर्याय आहेत, आणि खाली तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप पडते. हे तीन मिनिटांत होतं का? नेटवर्क नसताना भरून ठेवता येतं का? बॅज, लीडरबोर्ड आणि एआय सहायक यांच्या ओळी तक्त्यात असतात, ही ओळ बहुधा नसते. लाइनवर लावलेला स्किल मॅट्रिक्सचा फलकही इथेच आठवावा. चार भाग केलेलं वर्तुळ, एक भाग भरला तर माहिती आहे, दोन भरले तर देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. कोणाला कुठल्या मशीनवर उभं करायचं हे या फलकावरून ठरतं. एलएमएस त्या वर्तुळाशी जोडलेली नसेल तर कारखान्यात दोन वेगवेगळी सत्यं तयार होतात, आणि ऑडिटच्या दिवशी ती एकमेकांना खोटं पाडतात.

एचआरच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा आहे नोंदीचा, आणि तो मान्य करायलाच हवा. कागदी रजिस्टरात एकाच पेनाने, एकाच बैठकीत झालेल्या चाळीस सह्या ऑडिटरला लगेच ओळखू येतात. कागद भिजतात, हरवतात. पुण्याच्या आणि नाशिकच्या प्लांटमध्ये एकच विषय दोन प्रशिक्षक दोन तऱ्हेने शिकवतात. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जागृतीचे कार्यक्रम ठरावीक काळाने घेणं मालकावर बंधनकारक केलंय, आणि ते घेतल्याचा पुरावा विचारला जाऊ शकतो. हे सगळं खरं आहे. पण पुरावा कशाचा हवा? आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.२ हे कलम माणूस कामाला सक्षम आहे का हे विचारतं, प्रशिक्षणासारखी जी कृती केली तिचा परिणाम तपासायला सांगतं आणि सक्षमतेचा लेखी पुरावा मागतं. तिथे कोर्स पूर्ण केल्याची टक्केवारी मागितलेली नाही. वर सांगितलेली सहा पावलांची तपासणी या कलमाला थेट उत्तर देते. हजार हिरव्या खुणा देत नाहीत. छळविरोधी कोर्सचंही तेच. कॅन्टीनमध्ये आणि हाउसकीपिंगला काम करणाऱ्या बायकांना अंतर्गत समितीवर कोण आहे, तक्रार कोणाकडे आणि कशी द्यायची हे सांगता येतं का? इंग्रजी बोलणारे नट काचेच्या ऑफिसात वावरताना दाखवणारा पंचेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ त्यांच्या नावावर ‘पूर्ण’ पडला, म्हणून हे उत्तर येत नाही.

मोजायला सोपा आकडा ध्येय झाला की काय होतं, याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. हेतू उदात्त होता, गावंच्या गावं कामाला लागली, गाव संपूर्ण साक्षर झाल्याचे समारंभ झाले. त्या काळातल्या शिक्षकांचे आणि गावकऱ्यांचे कष्ट कमी लेखायचं कारण नाही. पण समारंभानंतर वाचायला काही हाती राहिलं नाही, पाठपुरावा तोकडा पडला आणि पुष्कळ प्रौढ पुन्हा निरक्षरतेकडे वळले. कारखान्यातला समारंभ म्हणजे डॅशबोर्ड. इंडक्शनला बघितलेला आगीचा व्हिडिओ सहा महिन्यांनी किती आठवतो? त्यामुळे विक्रेत्याला विचारायचं ते हे: सातव्या आणि तिसाव्या दिवशी त्याच विषयाचे तीन-तीन प्रश्न आपोआप जातील का? फोर्कलिफ्ट, उंचावरचं काम, गॅस कटिंग यांच्या नोंदींना मुदत लावता येते का, मुदत संपायच्या महिनाभर आधी सुपरवायझरला यादी मिळते का, आणि संपल्यावर त्या माणसाचं नाव पात्र लोकांच्या यादीतून स्वतःहून उतरतं का?

आता सुपरवायझरांचा आक्षेप. काम मशीनवरच शिकवायचं असतं, हे त्यांचं म्हणणं मला चौघांत सगळ्यात जवळचं वाटतं. इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. १९४० मध्ये अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९४५ मध्ये तो थांबेपर्यंत सोळा हजारांहून अधिक कारखान्यांत पोचला होता. त्यात शिकवण्याची चार पावलं होती: माणसाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर हीच पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या वाहन उद्योगात मुरली. पण ती चालली कशाच्या जोरावर? प्रत्येक कामाची फोड आधी कागदावर लिहिली जायची: महत्त्वाची पावलं, प्रत्येक पावलातली मेख, आणि पुढे ती मेख का महत्त्वाची याचं कारणही. आपल्याकडे हे ज्ञान बहुतेक ठिकाणी जुन्या ऑपरेटरच्या हातात असतं, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर गेटबाहेर जातं. गेल्या काही वर्षांत कंत्राटी माणसांची ये-जा इतकी वाढलीय की एकच सुपरवायझर तीच गोष्ट वर्षभर सांगत राहतो, आणि तिसऱ्या पाळीत थकून अर्धी सांगतो. चांगली एलएमएस चारपैकी पहिलं पाऊल पूर्ण आणि दुसरं अर्धं उचलू शकते. तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओत मेख आणि तिचं कारण दाखवून माणसाला मशीनपाशी तयार पाठवते. तिसरं आणि चौथं पाऊल सुपरवायझरचंच राहतं. तेही ‘डिजिटल’ करून टाकू असं विक्रेता म्हणाला तर तिथेच थांबावं.

भाषेचा मुद्दा तक्त्यात ‘बहुभाषिक: होय’ अशा दोन शब्दांत उरकला जातो, आणि मला सगळ्यात जास्त चीड याची येते. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या वाचू शकणारे कामगार थोडे होते. प्रशिक्षणाचा काळही घटवत आणला होता. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेची कारणं अनेक होती, बंद ठेवलेली शीतकरण यंत्रणा त्यातलंच एक. पण सूचना न समजणारी माणसं विषारी प्रक्रियेवर उभी होती, ही गोष्ट त्यातून वगळता येत नाही. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं, आणि आरोग्य व सुरक्षेची माहिती मिळण्याचा आणि प्रशिक्षणाचा कामगाराचा हक्क कलम १११-अ मध्ये लिहिला गेला. इतकी किंमत मोजून मिळालेला हक्क ‘बहुभाषिक: होय’ने फिटतो का? मेनू मराठीत दिसला म्हणजे झालं असं नसतं. ‘सुरक्षितता’, ‘प्रशिक्षणार्थी’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द घालून प्रमाणपत्र काढायला सांगा. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमना देवनागरी नीट जुळवता येत नाही, ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरापाशी जातो आणि जोडाक्षरं तुटतात. अहवाल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून एक्सेलमध्ये उघडा, मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात का बघा. जुन्या एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. तो खर्च आणि वेळ अंदाजपत्रकात धरलेला नसतो, मग शेवटी इंग्रजी पीडीएफच चढवली जाते. आणि पाळीतली निम्मी माणसं बिहार, झारखंड किंवा ओडिशातून आलेली असतील तर मराठीही पुरणार नाही. तिथे कमी मजकूर, जास्त चित्र आणि हिंदी आवाज लागेल.

दराचं गणित मांडून बघू. समजा ४०० कायम माणसं आहेत आणि कंत्राटी जागा ६००. कंत्राटी माणूस सरासरी पाच महिने टिकतो असं धरलं, तर वर्षभरात त्या ६०० जागांवर १,४४० माणसं येतात, म्हणजे एकूण १,८४० नावं. नोंदवलेल्या नावांवर परवाना असेल आणि तुम्ही हजारच घेतले असतील, तर पहिल्या दिवशीच ते भरलेले असतात. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी मार्ग काढतो: ठेकेदाराच्या नावाने एकच लॉगिन, त्यावर पन्नास माणसं. ज्या नोंदीसाठी लाखो रुपये घातले ती तिथेच संपते. दुसरा मार्ग म्हणजे गेलेल्यांची नावं काढून टाकणं, पण काही प्रणालींत नावाबरोबर जुनी नोंदही पुसली जाते, आणि अपघाताची चौकशी निघाली की कागद कोरा. म्हणून दर महिन्याला प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसांवर हवा, आणि निष्क्रिय केलेल्या माणसाची नोंद शाबूत राहते का हे स्वतः एक नाव निष्क्रिय करून बघावं. लॉगिनचंही तसंच. या माणसांकडे कंपनीचा ईमेल नसतो, सिमकार्ड बदलत राहतं, त्यामुळे ओटीपीवर भिस्त ठेवता येत नाही. गेटपासचा नंबर आणि चार आकडी पिन पुरेसा आहे.

वेळेचं गणित तर कोणी मांडतच नाही. कॅमेऱ्यामुळे शॉपवर फोनला बंदी, म्हणून गेटपाशी दोन किऑस्क, म्हणजे सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचे संगणक, बसवायचे ठरतात. ६०० माणसं, वीस मिनिटांचा कोर्स: १२,००० मिनिटं, म्हणजे २०० तास. दोन किऑस्कवर प्रत्येकी १००. पाळी बदलताना आणि जेवणाच्या सुट्टीत मिळून दिवसाला चार तास मोकळे मिळतात असं उदारपणे धरलं तरी पंचवीस दिवस लागतात, तेही एका कोर्सला. एवढा वेळ काढणार कुठून? माणसाला स्वतःच्या जेवणाच्या वेळेत शिकायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. लाइनपाशी टूलबॉक्स टॉकच्या, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्याच्या, दहा मिनिटांत, सुपरवायझरच्या टॅबवर सगळ्यांनी एकत्र बघायचा चार मिनिटांचा व्हिडिओ, आणि तिथल्या तिथे गटाची हजेरी, हे ज्या एलएमएसला जमतं ती घ्यावी. व्हिडिओ ४८० पीचा, सेकंदाला ८०० किलोबिटने बनवला तर चार मिनिटांची फाइल २४ एमबीची होते. पत्र्याच्या शेडखाली सिग्नल नसतो, तेव्हा ती ऑफिसच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता आली पाहिजे.

मूडल की क्लाउड या वादात मूडलवाल्यांची बाजू तत्त्वाने भक्कम आहे. २००२ पासून ती खुल्या परवान्यावर आहे, माणशी दर नाही, माहिती तुमच्याच सर्व्हरवर राहते. पण फुकट आहे ते सॉफ्टवेअर, ते चालवणारा माणूस फुकट नाही. त्यातला क्रॉन हा ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्रॅम दर मिनिटाला चालला पाहिजे. तो बंद पडला की स्मरणपत्रं थांबतात, पूर्णतेच्या नोंदी अडकतात आणि कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅकअप म्हणजे डेटाबेस, मूडलडेटाचा फोल्डर आणि कोड, तिन्ही. नुसता डेटाबेस घेतला तर चढवलेल्या फाइली परत मिळत नाहीत. सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी लावावे लागतात. हे काम आठवड्याचा निदान एक दिवस ज्याच्या नावावर लिहून दिलंय असा माणूस असेल तर मूडल बिनधास्त घ्या. ‘आयटीवाले बघतील’ एवढंच उत्तर असेल तर घेऊ नका, क्लाउडची साधी सेवा परवडेल.

विक्रेत्याच्या सादरीकरणावरून यातलं काहीच कळत नाही, कारण तिथला कोर्स त्याचा, नावं त्याची आणि नेटवर्कही त्याचंच. म्हणून दोन किंवा तीनच विक्रेते निवडून सगळ्यांना एकच काम द्या. तीस माणसं, त्यातल्या निदान दहांकडे ईमेल नसावा आणि काही रात्रपाळीची असावीत. एक मराठी व्हिडिओ, एक स्कॉर्म कोर्स, एक प्रत्यक्ष कामाची तपासणी. आठव्या दिवशी एसओपीची तिसरी आवृत्ती काढून चौथी चढवा. आधी शिकलेल्यांच्या नावावर ‘तिसरी आवृत्ती, अमुक तारीख’ असंच राहून त्यांना चौथीसाठी पुन्हा बोलावलं जातं का बघा. बऱ्याच प्रणाली इथे फसतात, एकतर जुनी नोंद पुसतात किंवा जुन्या माणसाला नव्या आवृत्तीतही पास दाखवतात. रात्री दोन वाजता मदत मागून बघा. चौदाव्या दिवशी सगळी माहिती बाहेर काढून मागा: माणूस, कोर्स, आवृत्ती, तारीख, गुण, तपासणारा, सगळं साध्या तक्त्यात. करार संपल्यावर ही माहिती किती दिवसांत, कुठल्या स्वरूपात आणि शुल्काशिवाय मिळेल, हे करारात लिहून घ्या. पंधराव्या दिवशी सुपरवायझरांना एकच विचारा: उद्या हे बंद केलं तर तुमचं काय अडेल? काहीच अडणार नसेल तर ती एलएमएस घेऊ नका.

तीन वर्षांचा करार करून मोकळे झालेल्यांनाही यातलं पुष्कळ करता येईल. सगळ्यांसाठी लावलेले तयार कोर्स थांबवावेत. अपघात किंवा रिजेक्शन सर्वांत जास्त होणारी पाच कामं सुपरवायझरांकडून काढून घ्यावीत, प्रत्येकाची पावलं आणि मेख लिहावी, शॉपवरच फोनने व्हिडिओ काढावा आणि तपासणीची यादी जोडावी. एलएमएसमध्ये तपासणीची सोय नसेल तर आधी साधा फॉर्म चालेल, त्याचे निकाल महिन्याला एकदा चढवता येतात. आणि व्यवस्थापनाच्या आढाव्यात पूर्णतेच्या टक्केवारीच्या जागी या पाच कामांतलं कुठलं पाऊल किती जणांचं राहिलं, तेवढाच तक्ता ठेवावा.